मास्तरांची चढण

मास्तर तिसऱ्यांदा पडले ते दुसऱ्याच वळणावर, आणि आधीच्या दोन वेळांसारखेच पडले, म्हणजे अगदी सावकाश. धाडकन पडणाऱ्या माणसाला निदान आपण का पडलो ते तरी कळतं. मास्तरांच्या सायकलचं मागचं चाक खडीवर गरगर फिरलं, सायकल जागच्या जागी थांबली, पाय टेकायला हवा हेही त्यांच्या लक्षात आलं, पण डावा की उजवा हे ठरेपर्यंत ते कडेच्या गवतात आडवे झाले होते. सायकल अंगावर होती. तिच्या छोट्याशा पडद्यावर बॅटरी भरपूर शिल्लक असल्याचं दिसत होतं.

ते तसेच पडून विचार करू लागले. जोर कमी पडला म्हणावं, तर मोटरचा सगळ्यात मोठा मोड लावला होता. पायही त्यांनी दात-ओठ खाऊन मारले होते. इतका जोर लावूनही सायकल वर न जाता जागीच चाक फिरवते, याचा अर्थ काय लावायचा? मास्तरांना काहीच उलगडेना. खरं सांगायचं तर गेले दोन महिने त्यांना कुठल्याच गोष्टीचा अर्थ लागत नव्हता. सायकल त्यातली सगळ्यात शेवटची.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान. पुढे कापायचं टेबल आणि उभा आरसा, मध्ये पडदा, पडद्यामागे पायाचं मशीन, इस्त्री आणि खिडकीपाशी एक बुटकं स्टूल. त्या स्टुलावर त्यांची बायको बसायची. काजं, बटणं, अस्तराचे टाके, सगळी हातशिलाई तिच्याकडे. मापं, कापणं, मशीन आणि गिऱ्हाइकांशी बोलणं मास्तरांकडे. लग्न झाल्यापासून ही वाटणी होती आणि ती कोणी केली हे दोघांनाही सांगता आलं नसतं. गल्ली तिला वहिनी म्हणायची. मास्तर तिला अगं म्हणायचे, आणि इतक्या वर्षांत त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी वहिनींनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून डबीत ठेवलं आणि सांगितलं, की टेकडीवरच्या आरोग्यधामात चादरी-कपड्यांची खोली सांभाळायला बाई हवी होती, ते काम मला मिळालं आहे, सोमवारी जाते, राहायची सोयही तिथेच आहे.

मास्तर खडूने रेघ ओढत होते. रेघ वाकडी गेली.

"रागावलीस का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

आणि सोमवारी त्या खरोखरच गेल्या. जाताना डाळ-तांदळाचे डबे भरून ठेवले, गुडघ्याच्या गोळ्या कुठे आहेत ते दाखवलं, आणि आरोग्यधामाच्या सामानाच्या जीपमध्ये बसून निघून गेल्या. मास्तर दाराशी हातात कात्री घेऊन उभे होते. पाच-दहा मिनिटांनी शेजाऱ्याने विचारलं, तेव्हा त्यांना कात्रीची आठवण झाली.

मग त्यांनी स्वतःची झडती घेतली. पिणं नाही, जुगार नाही, हात उचलणं तर दूरच, आवाजसुद्धा कधी चढवला नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मिटवायला काहीतरी हाताशी राहिलं असतं. त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी नवऱ्याच्या नोकरीपायी लांब राहायला गेलेली. तिला आईने सगळं सांगितलं असणार हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं, पण ती ताकास तूर लागू देईना. आईलाच विचारा, एवढंच म्हणे. आणि आईला फोनवर विचारलं तर आई गोळ्या घेतल्या का ते विचारी. मास्तर अगदी बुचकळ्यात पडले होते.

शेवटी एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, महिनाअखेर आईला तिथे नोकरीत कायम करणार आहेत. हो म्हणायचं की नाही, ते ती ठरवतेय. तुम्हाला काही बोलायचं असेल तर त्याआधी वर जा आणि समोर बसून बोला."

आता वर जायचं तर कसं? टेकडीवर जायला एकच कच्चा रस्ता, तोही असा उभा आणि खडीचा की रिक्षावाले नुसतं नाव काढलं तरी मान हलवत. सामानाची जीप आठवड्यातून एकदा जाई, पण तिच्यात फक्त तिथल्या माणसांना जागा. मास्तरांनी ड्रायव्हरच्या हातापाया पडून पाहिलं. त्याने वर फोन करून विचारलं. वहिनींचं उत्तर आलं, की त्यांना यायचं असेल तर त्यांचं ते बघतील. ड्रायव्हरने ते उत्तर जसंच्या तसं मास्तरांना ऐकवलं आणि वर सहानुभूतीने दोन बिस्किटंही दिली. पायी जावं तर मशीन चालवून चालवून गुडघा इतका कामातून गेलेला, की चढ चढायचा नाही अशी डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती.

उरली जावयाची सायकल. डोंगरात फिरायची, जाडजूड टायरची, पोटात मोटर असलेली. नव्या घरी ठेवायला जागा नाही म्हणून तो ती सासऱ्याच्या जिन्याखाली सोडून गेला होता. मास्तरांनी तिच्यावरचं कापड काढलं. बसून पाय मारायला गुडघ्याची हरकत नसावी, असं त्यांनी गुडघ्याला न विचारताच ठरवलं. जावयाला आनंदाचं भरतं आलं. तो फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही तर आयुष्यभर पायडलच मारत आलात, तुम्हाला काय अवघड आहे?

या एका वाक्याने मास्तरांचा घात केला. पण ते पुढे कळलं.

पहिल्या दिवशी ते पहिल्या वळणापाशी पडले. जावई फोनवर म्हणाला, मागचं चाक घसरतंय म्हणजे त्याच्यावर वजन नाही, मागे सरकून बसा. दुसऱ्या दिवशी ते मागे सरकून बसले, तर पुढचं चाक चक्क हवेत उचललं गेलं आणि सायकल त्यांना घेऊन सावकाश कडेला कलंडली. पायथ्याशी चहा पीत उभ्या असलेल्या दोघा हौशी सायकलवाल्यांनी सांगितलं, काका, चढावर पुढे झुकायचं असतं, सीटवरून उठून उभं राहायचं. आज मास्तर उठून उभे राहिले, पुढे झुकले, आणि गवतात गेले. मागे बसावं तर पुढचं उचलतं, पुढे झुकावं तर मागचं घसरतं. बसू नये म्हणावं, तर मग सीट कशाला दिलीय? आपल्यासारख्या माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा?

पायथ्याशी सायकल दुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकानवाल्या बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मास्तर तीन दिवस गवत अंगावर घेऊन त्यांच्या दारावरून परत जाताना त्या बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी हाक मारून बसवलं, पाणी दिलं आणि काही न विचारता सायकलच्या मागच्या टायरची हवा सोडायला सुरुवात केली.

मास्तर दचकले. हवा त्यांनी स्वतः भरून आणली होती, अंगठ्याने दाबली तर दबणार नाही इतकी टणक. बाई म्हणाल्या, टणक टायर खडीवर उड्या मारतो, थोडा मऊ असला की दगडांना धरून राहतो. मग त्यांनी मोठा मोड काढून मधला लावला. मास्तरांना वाटलं ही बाई आपली थट्टा करतेय. चढ मोठा, माणूस म्हातारा, हवा काढून घेतली, आता जोरही काढून घेतला.

"बाई, कमी जोरात जास्त चढायचं, हे कसं काय?"

"मास्तर, तुम्ही हे समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. नुसतं करा."

मग बाई त्यांच्या बाजूने चालत पहिल्या वळणापर्यंत गेल्या. चढ लागायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकायला लावला, कारण मध्येच टाकायला गेलं की साखळी कुरकुरते आणि पाय अडखळतो. सीटवरच बसायचं, पण सीटच्या अगदी टोकाला. छाती खाली, कोपरं खाली. म्हणजे बसा म्हणणारा जावई आणि पुढे झुका म्हणणारे सायकलवाले, दोघांचंही खरं होतं आणि दोघांनीही अर्धंच सांगितलं होतं. मास्तरांना हे पटलं असं नाही, पण त्या बसण्यात पुढचं चाक जमिनीवर राहिलं आणि मागचंही फिरलं नाही. वळण आलं तोपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. वळणावर चाक पुन्हा गरगरलं. बाईंनी हँडल धरलं म्हणून गवत वाचलं.

"वळण आलं की तुम्ही पाय का थांबवता?"

"वळणावर थांबवतातच."

"कोण थांबवतं?"

"सगळेच," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलता आपल्या पायाकडे बघू लागले.

सगळे म्हणजे सगळे शिंपी. शिवण कोपऱ्याशी आली की पाय थांबवायचा, सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड फिरवायचं आणि मग पुन्हा पायडलवर दाब द्यायचा. कॉलर असो, खिसा असो, कोपरा आला की मास्तरांचा पाय आपोआप थांबत आला होता. इथेही वळण दिसलं की तो थांबायचा. पाय थांबला की मोटर थांबायची. मग मास्तर दचकून कचकन पाय मारत, मोटर सगळा जोर एकदम देई, आणि सुटी खडी त्याखालून निसटे. जाड कापड आलं की टाच दाबायची सवयही तशीच पायात मुरलेली. चढ उभा झाला की पाय दणकन दाबायचा, आणि दणका बसला की चाक सुटायचं. आयुष्यभर पायडल मारलं नसतं तर मास्तर कदाचित पहिल्याच दिवशी वर पोचले असते.

बाईंना ही हकिगत ऐकून हसू आलं. त्या म्हणाल्या, "वळणावर कापड फिरवू नका. पाय चालूच ठेवा, सायकल आपली आपण फिरेल. आणि चाकाकडे बघू नका, पुढच्या रस्त्याकडे बघा."

मास्तरांनी त्यानंतर किती फेऱ्या मारल्या ते त्यांनाही आठवत नाही. पायाची सवय मोडताना नाकी नऊ आले. दुकानात मशीनवर बसले की आता तिथेही पाय कोपऱ्यावर थांबेना, आणि एका गिऱ्हाइकाच्या खिशाची शिवण खांद्याच्या दिशेने निघाली. रात्री पडल्या पडल्या त्यांना प्रश्न पडे, की हे सगळं आपण करतोय कशासाठी? ती नाही म्हणाली तर? आणि ती नक्की कशाला नाही म्हणेल, हे तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे?

शेवटी महिना संपायला दोनच दिवस राहिले, तेव्हा सकाळी दुकान बंद ठेवून ते निघाले. सीटच्या टोकाला बसले, हलका गिअर टाकला, मधला मोड लावला. पहिलं वळण आलं आणि मागे गेलं. दुसऱ्या वळणावर पाय थांबायला बघत होता, पण मास्तरांनी त्याला थांबू दिलं नाही. सायकल इतकी हळू चालली होती की एक कुत्रं बाजूने चालत त्यांच्याकडे बघत होतं. तिसऱ्या वळणानंतर रस्ता सरळ उभाच राहिला. तिथे मधोमध सुटे दगड होते, कडेला घट्ट माती होती. मास्तरांनी कड धरली. छाती हँडलला लागेल इतके ते वाकले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि दाबू नकोस, दाबू नकोस, असं ते स्वतःच्या पायाला मोठ्याने बजावत होते. चाक एकदा जरासं घसरलं. त्यांनी जोर वाढवला नाही. चाकाने पुन्हा जमीन धरली, आणि रस्ता सपाट झाला.

फाटकापाशी उतरल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या लक्षात आलं, की चढायचं कसं याच्या नादात वर पोचल्यावर बोलायचं काय हे ठरवायचं राहूनच गेलं. ते तसेच विचारत विचारत कपड्यांच्या खोलीशी गेले.

मोठी खोली, भिंतभर कपाटं, धुतलेल्या कापडाचा वास. मधल्या टेबलावर पांढरं कापड पसरलेलं आणि वहिनी त्यावर वाकून कात्री चालवत होत्या. सरसर, न थांबता. मास्तर दारातच थबकले. आपली बायको कापड कापते हे त्यांना माहीतच नव्हतं.

वहिनींनी वर पाहिलं. "गुडघा?"

"दुखत नाहीये."

"बसा. एवढं होऊ दे."

ते बाकावर बसले. एक नर्स झगा घेऊन आली, वहिनींनी तिच्या खांद्याचं माप घेतलं, दोन शब्द सांगितले, ती गेली. मास्तर बघत राहिले.

"कापायला कधी शिकलीस?"

"पडद्याला फट आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच तर कापत होतात समोर."

मग मास्तरांनी काही आडवळण न घेता विचारून टाकलं, की माझं काय चुकलं ते एकदा सांग, मला खरंच कळत नाहीये. वहिनींनी कात्री बाजूला ठेवली.

"करड्या कोटाचे ते डॉक्टर आठवतात?"

"कोट आठवतो."

"कोट न्यायला आले, तर काजांवरून अंगठा फिरवत उभे राहिले. असं काज कुठे बघितलं नाही म्हणाले, कोण करतं? तुम्ही म्हणालात, एक कारागीर आहे."

"ते तर मी सगळ्यांनाच सांगतो. बायको करते म्हटलं की लोकांना घरगुती वाटतं. धंद्यात..."

"माहितीय मला. त्याचं काही नाही, त्याची सवय झाली होती. पण ते म्हणाले, बोलवा त्याला, मला त्याचे हात बघायचेत. तुम्ही म्हणालात, आज तो रजेवर आहे. मी उठले होते, अहो. मांडीवरचे दोरे झटकून, केस सारखे करून उभी राहिले होते. मग परत बसले."

मास्तरांनी आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. कोटाचं कापड आठवलं, छातीचं माप आठवलं, डॉक्टरांचा एक खांदा किंचित उतरता होता तेही आठवलं. आपण काय बोललो होतो ते मात्र काही केल्या आठवेना. रोज बोलतो ते वाक्य कोणाच्या लक्षात राहतं? त्यांना रडू यायला लागलं.

"मला आठवत नाही गं."

"ठाऊक आहे. म्हणूनच रागावले नाही."

तेवढ्यात मोठ्या सिस्टर चादरींचा हिशेब विचारायला आत आल्या. मास्तर ताडकन उठले. रस्त्याच्या कडेने येताना लागलेली गवताची काडी अजून सदऱ्याला चिकटलेली. त्यांनी हात जोडले आणि एका दमात सांगून टाकलं, की मी ह्यांचा नवरा, माझ्या दुकानातली सगळी काजं ह्यांनीच केलीत, पहिल्यापासून, एकूण एक. सिस्टर चमकल्या. बरं, म्हणाल्या, आणि वहिनींकडे बघत बाहेर गेल्या.

"त्यांना काय सांगताय?" वहिनी म्हणाल्या. "त्यांना रोज दिसतंय. खाली सांगा."

"सांगतो. सगळ्यांना सांगतो. मग येशील?"

"मी काल हो म्हणून आले."

मास्तर परत बाकावर बसले. महिना संपायला दोन दिवस होते, हे त्यांनी चारचारदा बघून ठेवलं होतं.

"मग मी कशाला चढून आलो?"

"ते मी कसं सांगू?" वहिनींनी त्यांच्या सदऱ्यावरची काडी काढली. "पण आलात ते बरं केलंत. इथलं काम मला आवडतं. रविवारी सुटी असते, यावंसं वाटलं तर या."

खाली सांगितलं तर ती कधी परत येईल का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. विचारून कळलं असतं असंही नाही.

उतरणं त्यांना कोणीच शिकवलं नव्हतं. त्यामुळे ते दोन्ही ब्रेक आवळून, सायकल हाताने धरून, एकेक पाऊल टाकत उतरले. गुडघा आता मात्र बोलू लागला होता. खाली दुकानवाल्या बाई पंक्चर काढत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुठे घसरली?

"घसरली नाही."

"मग चेहरा असा का?"

मास्तर उभ्या उभ्याच सांगू लागले. आपल्या दुकानात कारागीर नाही, कधी नव्हताच, सगळी काजं बायको करायची, आणि आपण लोकांना काय सांगत आलो, हे सगळं त्यांनी धड क्रम न लावता सांगितलं. बाईंनी कामाच्या वेळी घालायच्या आपल्या कोटाकडे पाहिलं. तो मास्तरांकडेच शिवलेला होता, तेलाने काळा पडलेला, पण काजं अजून जशीच्या तशी. वरचं बटण त्यांनी काढलं आणि पुन्हा घातलं.

"हेसुद्धा?"

"हेसुद्धा."

"मी किती जणांना सांगितलंय, मास्तरांकडचा कारागीर बघा म्हणून." त्यांनी हात पुसले. "वहिनींचं नाव काय हो? आता सांगताना नाव सांगायला हवं."

मास्तरांनी तोंड उघडलं. ते नाव गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं, आणि कधीतरी लग्नाच्या सुरुवातीला घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर त्यांच्याही तोंडून ते निघालं नव्हतं. त्यांनी ते सांगितलं. ते पुटपुटल्यासारखं झालं, म्हणून बाईंनी न विचारताच त्यांनी ते पुन्हा एकदा, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं.